‘सॅट’, ‘बिट’ आणि आठ दशांश स्थळे : बिटकॉइन वॉलेटमधील एककांचे वापरानंतरचे परीक्षण

गेले आठ महिने मी लहान रकमांच्या देवाणघेवाणीसाठी बिटकॉइनचे एक मोबाइल वॉलेट वापरत आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘रक्कम कोणत्या एककात दाखवावी’ अशी एक ओळ आहे आणि तिच्याखाली बिटकॉइन, मिली-बिटकॉइन, बिट आणि सॅट (बिटकॉइनचा सर्वांत लहान, म्हणजे दहा कोटीवा भाग) असे चार पर्याय दिलेले आहेत. बहुतेक लोक ही ओळ कधी उघडत नसावेत. मी मात्र प्रत्येक पर्याय साधारण दोन-दोन महिने लावून ठेवला, त्या काळातले व्यवहार त्याच एककात केले आणि कुठे अडखळायला होते, कुठे चूक होते, याची टिपणे ठेवली. हे परीक्षण त्या चार पर्यायांचे आणि वॉलेटने ते ज्या रीतीने मांडले आहेत त्या मांडणीचे आहे. वॉलेटचे नाव देत नाही, कारण त्यात आढळलेले दोष कमीअधिक प्रमाणात मी इतरही वॉलेटांत पाहिले आहेत आणि ते एकाच्याच माथी मारणे योग्य होणार नाही.

पहिले दोन महिने वॉलेट जसे बसवले तसे, म्हणजे पूर्ण बिटकॉइनच्या एककात ठेवले होते. एका संध्याकाळी मी फोन वडिलांच्या हातात दिला आणि पडद्यावरची शिल्लक मोठ्याने वाचायला सांगितली. आकडा होता ०.००००४५१२. त्यांनी चष्मा सारखा केला आणि ‘शून्य पॉइंट शून्य, शून्य, शून्य’ असे म्हणत बोटाचे नख पडद्यावरून पुढे सरकवायला सुरुवात केली. तिसऱ्या शून्यापाशी ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून निघाले आणि शेवटी म्हणाले, “अगं, यात शून्ये किती ते तूच मोज. मला फक्त शेवटचे पंचेचाळीस बारा दिसतात.” मी सेटिंग बदलून तीच शिल्लक सॅटमध्ये दाखवली. “चार हजार पाचशे बारा,” ते एका दमात म्हणाले. जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या माणसाची नजर किंवा आकडेमोड इथे कमी पडलेली नव्हती. आपण आकडा वाचतो तो सर्वांत मोठ्या स्थानापासून, आणि इथे सुरुवातीची सगळी स्थाने शून्यांनीच भरलेली असल्यामुळे डोळ्याला धरायला काही मिळत नाही.

मी स्वतःही याच काळात चुकले. ओळखीच्या एका गृहस्थांना ०.००००५ पाठवायचे होते आणि मी ०.०००५ पाठवले. एक शून्य कमी पडले आणि रक्कम दसपट झाली. खात्री करण्याच्या पानावरही तोच आकडा तशाच फिकट शून्यांसह समोर आला होता आणि तो पाहूनच मी बटण दाबले होते. बिटकॉइनच्या साखळीत, म्हणजे सर्व व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीत, व्यवहार पक्का झाला की तो मागे घेण्याची सोय नसते, त्यामुळे जास्तीचे पैसे परत मिळाले ते केवळ समोरच्या माणसाच्या सचोटीमुळे, आणि परतीच्या व्यवहाराचे शुल्क पुन्हा वेगळे गेले. सॅटमध्ये हीच चूक करायची तर ५,००० च्या जागी ५०,००० लिहावे लागले असते. तशी चूकही होऊ शकते, हे मान्य आहे. पण मनात ‘पाच हजार’ असताना डोळ्यांसमोर ‘पन्नास हजार’ आले तर हात थबकतो, आणि चारऐवजी तीन शून्ये समोर आली तर तो थबकत नाही.

मुळात हे दशांश चिन्ह फक्त पडद्यावर असते. बिटकॉइनच्या प्रणालीत रक्कम अपूर्णांकात साठवलीच जात नाही. प्रत्येक व्यवहारात ती सर्वांत लहान एककात, ६४ बिटांच्या पूर्णांकाच्या रूपात लिहिलेली असते, आणि आपण ज्याला एक बिटकॉइन म्हणतो ते अशा १० कोटी एककांच्या गठ्ठ्याचे नाव आहे. ३ जानेवारी २००९ ही तारीख असलेल्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे साखळीतल्या नोंदींच्या पहिल्या गठ्ठ्यात, तो जोडणाऱ्यासाठी ५० बिटकॉइनचे बक्षीस होते, म्हणजे त्यात प्रत्यक्षात ५ अब्ज हा पूर्णांक नोंदलेला आहे. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हे बक्षीस निम्मे होते, २०२४ मध्ये ते ३.१२५ बिटकॉइनवर आले, आणि अशा निम्म्या-निम्म्याची बेरीज २ कोटी १० लाख बिटकॉइनच्या किंचित अलीकडे थांबते. सर्वांत लहान एककात ती बेरीज जवळपास २१ लाख अब्ज भरते. यंत्र पहिल्या दिवसापासून पूर्णांकांत मोजत आले आहे आणि आठ दशांश स्थळांची पट्टी मात्र माणसाच्या हाती दिलेली आहे. २०१० च्या मे महिन्यात दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले गेले तेव्हा या पट्टीचा त्रास होण्याचे कारण नव्हते, कारण तेव्हाच्या लहान रकमाही दशांश चिन्हाच्या डावीकडे राहत. किंमत चढत गेली तशा त्या उजवीकडे सरकत गेल्या, आणि त्यांना बोलता येईल असे नाव असावे ही गरज तिथून वाढत गेली.

मिली-बिटकॉइनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ४,५१२ सॅटची शिल्लक या एककात ०.०४५१२ दिसते, दशांश चिन्ह तीन घरे सरकले, गेले नाही. मिली आणि मायक्रो ही उपपदे मोजमापाच्या शास्त्रातून आलेली, नेमकी आणि सर्वत्र एकाच अर्थाची आहेत, त्यामुळे तांत्रिक लेखनात त्यांना तोड नाही. बोलण्यात मात्र ती बसत नाहीत. ‘पाच मिली-बिटकॉइन पाठवा’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला आधी मनात भागाकार करावा लागतो आणि नुसते ‘पाच मिली’ म्हटले तर ते औषधाचे माप वाटते. मायक्रोची खूण असलेले म्यू हे ग्रीक अक्षर बहुतेक कीबोर्डवर चटकन सापडत नाही, म्हणून त्याच्या जागी लोक सर्रास इंग्रजी यू लिहितात. दोन महिने संपल्यावर मी हा पर्याय सोडला तेव्हा काही गमावल्यासारखे वाटले नाही.

बिटची गोष्ट वेगळी आहे. या पर्यायाविषयी मला खरा आदर आहे, आणि तो का चालला नाही याचे मला वाईटही वाटते. एक बिट म्हणजे बिटकॉइनचा दहा लाखावा भाग (मायक्रो-बिटकॉइन), म्हणजेच १०० सॅट. हे नाव आधीपासून वापरात होते, पण ते सर्वांनी स्वीकारावे यासाठीचा औपचारिक प्रस्ताव बिटकॉइन-प्रोग्रॅमर जिमी साँग यांनी डिसेंबर २०१७ मध्ये मांडला. बिटकॉइनमधील सुधारणांच्या क्रमवार नोंदल्या जाणाऱ्या प्रस्तावांत तो बीआयपी १७६ म्हणून ओळखला जातो. त्यातला मुख्य मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. बहुतेक चलनांत एक मुख्य एकक आणि त्याचा शंभरावा भाग अशी दोन पायऱ्यांची रचना असते, हिशेबाची बरीचशी सॉफ्टवेअरे दोनच दशांश स्थळे गृहीत धरून बनवलेली असतात, आणि बिट स्वीकारला की बिटकॉइनची आठ दशांश स्थळे सहा आणि दोन अशी विभागली जाऊन शेवटची दोन या सवयीत नेमकी बसतात. माझी ४,५१२ सॅटची शिल्लक ४५.१२ बिट अशी दिसत असे आणि ती वाचताना मला एकदाही थांबावे लागले नाही. केवळ आकड्याच्या दिसण्यावरून निकाल द्यायचा असता तर मी बिटलाच पहिला क्रमांक दिला असता.

अडचण शब्दात आहे. बिट हा शब्द संगणकशास्त्राने फार पूर्वीच घेतलेला आहे आणि तो बिटकॉइनच्या आसपास इतक्या वेळा येतो की दोन अर्थ एकमेकांत गुंतल्याशिवाय राहत नाहीत. वर एका परिच्छेदात मी स्वतः ‘६४ बिटांचा पूर्णांक’ असे लिहिले आहे. माझ्याच वॉलेटच्या सुरक्षिततेच्या पानावर पुनर्प्राप्तीच्या बारा शब्दांमागे १२८ बिटांची यादृच्छिकता असते असे सांगितलेले आहे, आणि त्याच पानाच्या वरच्या पट्टीत शिल्लक ४५.१२ बिट अशी लिहिलेली असते. जाणकार माणूस गोंधळणार नाही, पण नव्याने आलेल्या माणसाने ‘१२८ बिट’ म्हणजे १२८ बिटांची रक्कम असे समजले तर दोष त्याचा कसा म्हणता येईल? शिवाय बिट आणि सॅट यांच्यात शंभराचे अंतर असले तरी दोन्हींत आकडे लहान आणि सुटसुटीत दिसतात, त्यामुळे कोणत्या एककात आहोत हे आकडा पाहून ओळखू येत नाही. पूर्ण बिटकॉइनमधला आकडा निदान त्याच्या शून्यांवरून तरी ओळखता येतो.

याच अडचणीवर वॉलेटच्या मांडणीने भर घातली. शिलकीच्या आकड्यावर बोट टेकले की एकक बदलते: सॅटचे बिट, बिटचे मिली, मिलीचे बिटकॉइन, आणि पुन्हा सॅट. विचारणा होत नाही, सूचना येत नाही, आणि एककाचे नाव आकड्याच्या शेजारी इतक्या बारीक व फिकट अक्षरांत असते की उन्हात ते दिसतच नाही. एकदा फोन खिशातून काढताना आकड्यावर अंगठा पडला असावा. मी लाइटनिंगचे (बिटकॉइनच्या साखळीबाहेर लहान रकमा झटपट पाठवण्याच्या जाळ्याचे) एक इन्व्हॉइस, म्हणजे पैशांची मागणी, तयार केले, रकमेच्या चौकटीत ३०० लिहिले आणि ते पाठवून दिले. माझ्या मनात ३०० सॅट होते. वॉलेट बिटमध्ये होते. पलीकडच्या व्यक्तीचे वॉलेट सॅटमध्ये असल्यामुळे त्यांना ती रक्कम ३०,००० दिसली आणि त्यांचा फोन आला, “अहो, हे तीस हजार कशाचे?” त्यांनी विचारले म्हणून निभावले. ज्याच्या वॉलेटमध्येही बिटच लावलेले असते त्याला ३०० हाच आकडा दिसला असता, आणि आमचे बोलणे तीनशेचेच झालेले असल्यामुळे त्याने तो निःशंकपणे भरला असता.

बिटकॉइन कोअर या संगणकावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येही हेच चार पर्याय आहेत. तिथे मायक्रो-बिटकॉइनच्या पुढे कंसात बिट असे लिहिलेले असते. पण तिथली मांडणी कितीतरी अधिक काळजीपूर्वक केलेली आहे. रक्कम लिहिण्याच्या प्रत्येक चौकटीला लागूनच एकक निवडण्याची यादी असते, त्यामुळे आकडा आणि एकक एकाच दृष्टिक्षेपात येतात, आणि तिथे एकक बदलले तर आधी लिहिलेला आकडाही त्यानुसार बदलून दिसतो, म्हणजे रक्कम तीच राहते. खिडकीच्या तळाशी चालू एकक सतत दिसत राहते आणि ते बदलायचे असेल तर त्यावर क्लिक करून यादीतून निवडावे लागते. ओझरत्या स्पर्शाने काही बदलत नाही. मोबाइलच्या पडद्यावर जागा कमी असते हे खरे, पण चार अक्षरे ठळक करण्याइतकी जागा तिथेही असते.

आता सॅट. सातोशी हे सर्वांत लहान एककाचे नाव बिटकॉइनचा जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सातोशी नाकामोतो या टोपणनावावरून आलेले आहे. २०१० च्या अखेरीस ते पहिल्यांदा सुचवले गेले तेव्हा बिटकॉइनच्या शंभराव्या भागासाठी सुचवले होते. पुढे ते सर्वांत लहान, म्हणजे दहा कोटीव्या भागासाठी रूढ झाले आणि बोलण्यात त्याचे सॅट झाले. माणसाच्या नावावरून एकक ठरवण्याची पद्धत शास्त्रात जुनी आहे. वोल्ट, वॅट, न्यूटन हे शब्द उच्चारताना आपल्याला त्यांच्यामागची माणसे आठवत नाहीत आणि आठवण्याची गरजही पडत नाही. सॅटचेही तसेच होत चालले आहे, आणि माझ्या मते एकक रुळल्याची हीच खूण आहे. हा शब्द कोणीतरी वरून लादलेला नाही. व्यवहाराचे शुल्क ‘सॅट प्रति व्हर्च्युअल बाइट’ (व्हर्च्युअल बाइट म्हणजे व्यवहाराच्या माहितीचा आकार मोजण्याचे एकक) या मापाने सांगावे लागू लागले, लाइटनिंगवर शे-दोनशे सॅटच्या रकमा फिरू लागल्या, आणि वापरता वापरता तो घासून गुळगुळीत झाला.

मराठीत तर तो फारच सहज बसतो. एक अक्षरी उच्चार, अनेकवचनात बदल नाही, ‘पाचशे सॅट’, ‘दोन हजार सॅट’ असे कोणत्याही संख्येपुढे लावता येते. पण याहून मोठी सोय आपल्या संख्यावाचक शब्दांनी करून ठेवलेली आहे आणि ती माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. एक लाख सॅट म्हणजे बरोबर एक मिली-बिटकॉइन. एक कोटी सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहावा भाग. दहा कोटी सॅट म्हणजे एक बिटकॉइन. म्हणजे मिली, मायक्रो अशी परकी उपपदे ज्या पायऱ्या दाखवण्यासाठी आणली जातात त्या शंभर, हजार, लाख आणि कोटी या शब्दांत आधीच घडवलेल्या आहेत. ०.३७ बिटकॉइन ही रक्कम सॅटमध्ये लिहिली तर ३,७०,००,००० होते आणि मराठी वाचक ती न अडखळता ‘तीन कोटी सत्तर लाख’ अशी वाचतो. सॅटमध्ये मोठ्या रकमा अवजड होतात हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो आपल्या भाषेत तरी फारसा टिकत नाही. अट एवढीच की वॉलेटने स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्यावेत. माझे वॉलेट भाषा मराठी निवडली तरी तीन-तीन अंकांचे गट करते, त्यामुळे ३७,०००,००० असे काहीतरी दिसते आणि मग पुन्हा उजवीकडून अंक मोजायची वेळ येते. एवढ्या लहान दुरुस्तीने केवढे काम होईल, हे करणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

सॅटचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग वाचनसुलभतेच्या पलीकडचा आहे: त्यामुळे शुल्क दिसू लागले. एक आवक (जिथून रक्कम येते) आणि दोन जावक (जिथे ती जाते) असलेला आजच्या पद्धतीचा साधा व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा असतो. शुल्काचा दर प्रति व्हर्च्युअल बाइट १० सॅट असेल तर त्याला १,४१० सॅट लागतात. ५,००० सॅट पाठवताना १,४१० सॅट शुल्क जाणार आहे हे वाचले की चौथाईहून अधिक रक्कम वाटेतच संपते हे कोणालाही कळते आणि माणूस एकतर थांबतो किंवा लाइटनिंगकडे वळतो. हीच माहिती पूर्ण बिटकॉइनमध्ये लिहिली तर ०.००००५ च्या खाली ०.००००१४१० असे दिसते, आणि दोन्ही आकडे सारखेच नगण्य वाटतात. पहिल्या दोन महिन्यांत मी असे कितीतरी शुल्क न पाहता भरले. ‘डस्ट’ची मर्यादाही अशीच आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ५४६ सॅटपेक्षा कमी रक्कम पाठवायचा प्रयत्न केला तर जाळ्यातले संगणक सामान्यतः तो व्यवहार पुढे पाठवत नाहीत, कारण तेवढी रक्कम पुढे खर्च करायलाच तिच्या मोलाच्या मानाने शुल्क फार पडते. ५४६ हा आकडा एकदा वाचला की लक्षात राहतो. ०.०००००५४६ कोणाच्या लक्षात राहणार?

सॅटमध्ये उणे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. त्याला सर्वमान्य चिन्ह नाही. बिटकॉइनचे चिन्ह २०१७ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरसंचाच्या दहाव्या आवृत्तीत आले, सॅटला मात्र अजून तसे स्थान नाही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तीन अक्षरे लिहावी लागतात. दुसरे म्हणजे सॅट हे सर्वांत लहान एकक आहे हे विधान साखळीपुरतेच खरे आहे. लाइटनिंगवर हिशेब सॅटच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे मिलिसॅटपर्यंत चालतो आणि मधल्या टप्प्यांचे शुल्क त्यातच मोजले जाते. साखळीवर मात्र एका सॅटपेक्षा कमी काही लिहिताच येत नाही. माझे वॉलेट मिलिसॅट लपवते, आणि ते योग्यच आहे. पण ते शुल्क आणि शिल्लक वेगवेगळे पूर्णांकात आणत असल्यामुळे दहा-बारा लहान व्यवहारांनंतर माझ्या वहीतल्या बेरजेत आणि वॉलेटच्या शिलकीत एका सॅटचा फरक पडू लागला. पै न पै जुळवण्याची सवय असलेल्या माणसाला तो एक सॅट फार टोचतो. व्यवहाराच्या तपशिलात तरी खरा आकडा दाखवायला हरकत नव्हती.

पडद्यामागची स्थिती आणखी विस्कळीत आहे, आणि वॉलेट बनवणाऱ्यांची मला इथे खरोखर सहानुभूती वाटते. पैसे मागण्यासाठी जी लिंक किंवा क्यूआर संकेत दिला जातो त्याचे नियम बीआयपी २१ मध्ये आहेत आणि त्यात रक्कम पूर्ण बिटकॉइनमध्ये, दशांशात लिहावी लागते. लाइटनिंगच्या इन्व्हॉइसच्या सुरुवातीलाही रक्कम बिटकॉइनमध्येच असते, पण आकड्यानंतर मिली, मायक्रो, नॅनो आणि पिको यांसाठी एम, यू, एन, पी ही अक्षरे जोडता येतात. आकड्यापुढे यू असलेला २५०० म्हणजे २५०० मायक्रो-बिटकॉइन, अर्थात अडीच लाख सॅट. शुल्काचा दर सॅटमध्ये, लाइटनिंगचा आतला हिशेब मिलिसॅटमध्ये, आणि मागणीची लिंक बिटकॉइनमध्ये. ही सगळी भाषांतरे वॉलेट निमूटपणे करते आणि आठ महिन्यांत त्यात मला एकही चूक आढळली नाही. या बाबतीत त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

नावे ठेवली म्हणून ती चालतातच असे नाही, हे इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो-प्रणालीकडे पाहिले की स्पष्ट होते. तिथे एका इथरचे (तिथल्या चलनाचे) दहाचा अठरावा घात इतके, म्हणजे आपल्या जुन्या संख्यानामांत दहा परार्ध भाग केलेले आहेत आणि त्यातल्या सर्वांत लहान भागाला वेई म्हणतात. हे नाव १९९८ मध्ये बी-मनी या डिजिटल चलनाची कल्पना मांडणारे वेई दाई यांच्यावरून आले. मधल्या पायऱ्यांना डिजिटल चलनाच्या क्षेत्रातील निक साबो यांच्यावरून साबो आणि हॅल फिनी यांच्यावरून फिनी अशी नावे दिली गेली. २००९ च्या जानेवारीत सातोशीकडून पहिले १० बिटकॉइन मिळाले ते याच फिनींना. नावांमागची भावना उत्तम होती. पण फिनी मोठा की साबो, आणि दोघांत किती पट अंतर, हे शब्दावरून कळायला काहीच मार्ग नव्हता, आणि २०२० मध्ये सॉलिडिटी या इथेरियमच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ०.७.० या आवृत्तीतून दोन्ही एकके वगळण्यात आली. टिकले ते ग्वेई, कारण व्यवहाराचे शुल्क त्यात मोजले जाते आणि ‘अब्ज वेई’ (गिगा-वेई) हे नाते त्याच्या नावातच दिसते. सर्वांत लहान एककाचे एक नाव आणि वरच्या पायऱ्यांसाठी नेहमीचे संख्यावाचक शब्द, एवढ्यावर लोकांचे भागते. मधल्या प्रत्येक पायरीला नवे नाव दिले की ते पाठ करावे लागते, आणि रोजच्या वापरात पाठांतर कोणी करत नाही.

२०२५ मध्ये जॉन कार्व्हालो यांनी मांडलेला बीआयपी १७७ हा प्रस्ताव याच वाटेने आणखी पुढे जातो. सर्वांत लहान एककालाच बिटकॉइन म्हणावे, दशांश चिन्ह काढून टाकावे आणि सॅट हा शब्द सोडून द्यावा, असे त्यात सुचवलेले आहे; प्रणालीत काहीही बदलायचे नाही, बदलायचे ते फक्त पडद्यावरचे नाव. यंत्र जसे मोजते तसेच माणसाने मोजावे, हा त्यातला विचार मला पटतो. नव्या माणसाला ‘एक अख्खा घेणे आपल्याला परवडणार नाही’ असे वाटते ही अडचणही खरी आहे. तरीही मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे, आणि माझे कारण त्या तीनशेच्या इन्व्हॉइसइतके साधे आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि त्यांच्यात दहा कोटींचे अंतर, ही स्थिती जुन्या नोंदी, करार, लिंका आणि माणसांच्या आठवणी यांच्यात कित्येक वर्षे टिकून राहील. पोल्काडॉट या दुसऱ्या क्रिप्टो-जाळ्याने २०२० च्या ऑगस्टमध्ये आपल्या डॉट या एककाची व्याख्या बदलून एका जुन्या डॉटचे शंभर नवे डॉट केले, पण तेव्हा ते जाळे सुरू होऊन काही महिनेच झाले होते. बिटकॉइनच्या मागे सतरा वर्षांचे लेखन आणि बोलणे उभे आहे. सॅटमुळे दशांश चिन्ह गेलेच आहे. आता नाव हिरावून घेऊन त्यात आणखी काय मिळणार, हे मला कळत नाही.

माझ्या फोनवर आता सॅट कायमचे लावलेले आहे आणि वडिलांच्या फोनवरही. आकड्यावर बोट टेकले की एकक बदलण्याची सोय बंद करता येत नाही, म्हणून मी वॉलेट बनवणाऱ्यांना दोनदा लिहिले आहे: ती सोय सेटिंगमध्ये हलवावी, एककाचे नाव आकड्याइतकेच ठळक असावे, आणि मराठीत स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने पडावेत. तिसरे पत्र व्यवहारांच्या यादीविषयी लिहीत आहे. पडद्यावर सॅट निवडलेले असले तरी महिन्याअखेर उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये सर्व रकमा पूर्ण बिटकॉइनमध्ये येतात, स्तंभाच्या माथ्यावर नुसते ‘रक्कम’ असते, आणि ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की ०.००००४५१२ च्या जागी ४.५१२ई-०५ असे उमटते. तोपर्यंत मी शेजारी एक नवा स्तंभ घेते, प्रत्येक रकमेला १० कोटींनी गुणते आणि त्याच्या माथ्यावर स्वतःच्या हाताने ‘सॅट’ असे लिहिते.